तुमच्या वर्गात खरोखर काही बदललं असं विज्ञानाचं प्रशिक्षण कोणतं?

प्रयोगवही (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. सहावी ते आठवीला विज्ञान शिकवायला लागून मला १४ वर्षं झाली. एवढ्या काळात किती प्रशिक्षणं केली ते मोजलेलं नाही. हजेरीपटावर सही, दिवसभर पडद्यावर सरकणाऱ्या स्लाइड्स, शेवटी अभिप्रायाचा कागद आणि प्रमाणपत्र. त्यातलं बरंचसं दुसऱ्या दिवशी वर्गाच्या दारापर्यंतही टिकत नाही, आणि मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण शिकायची इच्छा घेऊनच आपण जातो.

पण एक दुपार मी विसरलेले नाही.

सुलभक बाईंनी एका ताटलीत पाणी घेतलं, मधोमध मेणबत्ती चिकटवून पेटवली आणि वरून काचेचा पेला उपडा ठेवला. ज्योत विझली, पाणी पेल्यात चढलं. बाईंनी विचारलं, "पाणी का चढलं?" आम्ही सगळ्यांनी एका सुरात सांगितलं की आतला ऑक्सिजन जळून संपला, त्याची जागा पाण्याने घेतली. हवेत ऑक्सिजन साधारण एक-पंचमांश, म्हणून पाणीही साधारण तेवढंच चढतं. मी हे ९ वर्षं असंच शिकवत होते, तेही फळ्यावर आकृती काढून.

बाई हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. त्यांनी तोच पेला पुसून घेतला आणि या वेळी ३ मेणबत्त्या पेटवल्या. पाणी पहिल्यापेक्षा बरंच वर गेलं. पेला तोच, म्हणजे आतली हवा जवळपास तेवढीच आणि ऑक्सिजनही तेवढाच. मग जास्तीचं पाणी कशामुळे? खोली एकदम शांत झाली. मग त्या म्हणाल्या, "आता वाकून बघा. पाणी नेमकं कधी चढतं?" आम्ही टेबलाभोवती गुडघ्यांवर बसलो. ज्योत जळत होती तोवर पाणी जेमतेम हललं. सुरुवातीला तर पेल्याच्या काठाखालून दोन-तीन बुडबुडे बाहेर पडले. ज्योत विझली आणि त्यानंतर पाणी भराभर वर आलं.

तेव्हा कुठे उलगडलं. ज्योतीने आतली हवा तापते, फुगते, थोडी बाहेर जाते. ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. मेणबत्त्या जास्त तर हवा जास्त तापते, म्हणून पाणीही जास्त चढतं. ऑक्सिजन वापरला जातो हे खरं, पण सगळा संपत नाही. हवेतलं त्याचं प्रमाण २१ टक्क्यांवरून साधारण १६ टक्क्यांपर्यंत उतरलं की मेणबत्ती विझते. शिवाय वापरलेल्या ऑक्सिजनच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होतच असते.

दुसऱ्या दिवशी मी आठवीच्या वर्गात जाऊन सांगितलं की मी तुम्हाला मागच्या वर्षी एक गोष्ट चुकीची शिकवली, आज आपण ती परत करून बघू. त्या तासाला मुलं ज्या डोळ्यांनी बघत होती तसं मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

तर मला विचारायचं आहे: तुम्हाला असं काही मिळालं का? त्यात नेमकं काय केलं होतं? आम्ही चार शिक्षक मिळून आमच्यासाठीच काहीतरी उभं करायच्या विचारात आहोत, त्यामुळे "छान होतं" एवढ्यावर थांबू नका, तपशिलात लिहा.

सातवी_ब

ताई, मेणबत्तीचं वाचून अंगावर काटा आला. मी गेल्या आठवड्यातच ऑक्सिजनवालं उत्तर वहीत उतरवून घेतलंय. उद्याच दुरुस्त करतो.

माझा अनुभव चंद्राचा. एका गटाने आम्हाला प्रशिक्षणाच्या महिनाभर आधी कळवलं होतं की रोज चंद्र बघा, वेळ लिहा, आकार काढा, सूर्य कुठे आहे तेही काढा. बस्स. मी २९ दिवसांपैकी १९ दिवस काढू शकलो, बाकीचे ढगांत गेले. आठव्या दिवसाच्या आसपास दुपारी चक्क उजेडात अर्धा चंद्र दिसला आणि त्याच आभाळात दुसऱ्या बाजूला सूर्य होता. मी तिथेच थबकलो. चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे दिसतात असं माझ्या डोक्यात कुठेतरी बसलेलं होतं. सूर्य आणि चंद्र दोन्ही समोर असताना मधे पृथ्वीची सावली येणार कुठून?

मग प्रशिक्षणाच्या दिवशी अंधाऱ्या खोलीत एकच दिवा लावला. प्रत्येकाच्या हातात काठीला टोचलेला पांढरा चेंडू. हात लांब करून स्वतःभोवती फिरायचं आणि चेंडूचा उजळलेला भाग बघायचा. दहा मिनिटांत माझ्या १९ चित्रांचा अर्थ लागला. आधी महिनाभर पाहिलं नसतं तर तो चेंडू म्हणजे नुसतीच एक कृती झाली असती, असं मला ठामपणे वाटतं.

आणि हे फक्त आपल्यापुरतं नाही. १९८७ च्या एका माहितीपटासाठी हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात विद्यार्थी, माजी विद्यार्थी आणि प्राध्यापक अशा २३ जणांना ऋतू का होतात किंवा चंद्राच्या कला का दिसतात ते विचारलं होतं. २१ जणांची उत्तरं चुकली. उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ असते, हे त्यातलं ठरलेलं उत्तर. खरं तर पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या सुरुवातीला असते, सुमारे १४ कोटी ७० लाख किलोमीटरवर, आणि सर्वांत लांब जुलैच्या सुरुवातीला, सुमारे १५ कोटी २० लाख किलोमीटरवर. जानेवारीत उत्तर गोलार्धात हिवाळा आणि दक्षिण गोलार्धात उन्हाळा असतो. हा एवढा एक मुद्दा मुलांपुढे ठेवला तरी तास रंगतो.

पहिलंच_वर्ष

मी या क्षेत्रात नवीन आहे, पण लिहायला हवं असं वाटलं. माझी पदवी वनस्पतिशास्त्राची आणि हातात आली सातवीची विद्युतधारा.

सत्र सुरू होताच आमच्यापुढे टॉर्चचा एक छोटा बल्ब, दीड व्होल्टचा एक सेल आणि तारेचा एकच तुकडा ठेवला. बल्ब लावा, एवढंच काम. होल्डर नाही. मी तारेचं एक टोक सेलला लावलं, दुसरं बल्बच्या बुडाला. नाही लागला. सेल उलटा केला. नाही लागला. माझ्या शेजारी २० वर्षं शिकवत असलेले एक सर होते, तेही तेच करत होते. जवळपास १५ मिनिटांनी मी बल्ब डोळ्यांजवळ धरून नीट पाहिला. आतल्या बारीक तारेचं एक टोक बुडाच्या टिकलीला जातं आणि दुसरं बाजूच्या धातूच्या आट्यांना. म्हणजे बल्बलाही दोन टोकं आहेत! बुडाची टिकली सेलवर टेकवली, तारेचं एक टोक आट्यांना आणि दुसरं सेलच्या खालच्या बाजूला लावलं. लागला.

परिपथाची व्याख्या मला पाठ होती, "बंद मार्ग" हे शब्दही पाठ होते. पण तो मार्ग बल्बच्या आतून जातो हे मला त्या क्षणापर्यंत कळलेलं नव्हतं. आता सातवीला मी बल्ब, सेल आणि तार देऊन गप्प बसते.

निवृत्त_गुरुजी

सगळं वाचलं, समाधान वाटलं. पण एक गोष्ट परखडपणे मांडतो. अलीकडे प्रशिक्षणात विषयापेक्षा पद्धतीवरच भर असतो. गट कसे करावेत, तक्ते कसे रंगवावेत, खेळ कोणते घ्यावेत. ज्याला वस्तुमान आणि वजन यांतला फरक स्वतःला स्पष्ट नाही, त्याच्या हातात खेळ देऊन काय उपयोग? आधी विषय पक्का करा. मी ३४ वर्षं शिकवलं. विषय पक्का असेल तर पद्धत आपोआप सुचते.

वाचनवेडा

गुरुजी, तुमच्या म्हणण्याचा पहिला अर्धा भाग शंभर टक्के मान्य. "आपोआप" या शब्दाशी मात्र मी अडलो. याच प्रश्नावर एक अभ्यास आहे आणि तो नेमका आपल्याच इयत्तांचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

२०१३ मध्ये फिलिप सॅडलर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सातवी-आठवीच्या भौतिक विज्ञानाच्या १८१ शिक्षकांचा आणि त्यांच्या ९,५५६ विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. २० बहुपर्यायी प्रश्न होते. मुलांनी ते वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी सोडवले. शिक्षकांनाही तेच प्रश्न दिले, पण त्यांना दोन खुणा करायच्या होत्या: बरोबर उत्तर कोणतं, आणि तुमची मुलं सर्वांत जास्त कोणतं चुकीचं उत्तर निवडतील.

२० पैकी १२ प्रश्नांत एखादा चुकीचा समज मुलांच्या मनात घट्ट रुतलेला होता. त्या प्रश्नांवर, ज्यांना फक्त बरोबर उत्तर माहीत होतं त्यांच्या मुलांची प्रगती मर्यादित राहिली. ज्यांना बरोबर उत्तरही माहीत होतं आणि मुलं कुठे चुकणार हेही, त्यांची मुलं ठळकपणे पुढे गेली. जिथे असा रुतलेला समज नव्हता, तिथे शिक्षकाला विषय येणं पुरेसं ठरलं.

म्हणजे विषय पक्का हवाच, त्याशिवाय पुढची पायरीच नाही. पण "मूल इथे काय म्हणेल" हे वेगळं ज्ञान आहे आणि ते वेगळं शिकावं लागतं. ली शुलमन यांनी १९८६ मध्ये याच जातीच्या ज्ञानाला पेडॅगॉजिकल कंटेंट नॉलेज असं नाव दिलं. प्रयोगवही ताईंच्या त्या बाईंकडे नेमकं हेच होतं. ३० शिक्षक एका सुरात काय म्हणतील हे त्यांना आधीच ठाऊक होतं, म्हणून ३ मेणबत्त्या त्यांनी सोबत आणल्या होत्या.

निवृत्त_गुरुजी

वाचनवेडा, दोनदा वाचलं. "आपोआप" शब्द मागे घेतो. मला मुलांच्या चुका कळायच्या, पण त्या कळायला माझी पहिली १०-१२ वर्षं गेली, आणि त्या वर्षांतल्या मुलांना त्याचा लाभ झाला नाही. नव्या शिक्षकाला हे पहिल्याच वर्षी कोणी हातात देणार असेल तर ते प्रशिक्षण मला मान्य आहे.

घंटा_आणि_वेळापत्रक

मी मुख्याध्यापिका आहे, त्यामुळे माझा प्रश्न वेळेचा. शिक्षक प्रशिक्षणाला गेले की त्यांच्या तासांना बदली शिक्षक द्यावा लागतो, मुलांचं नुकसान होतं, पालक विचारतात. एक दिवसाचं प्रशिक्षण परवडतं. महिनाभर चालणारं कसं बसवायचं? आणि किती तास दिले म्हणजे खरोखर फरक पडतो, याचा काही अंदाज आहे का?

वाचनवेडा

मॅडम, २००७ मध्ये शिक्षक-प्रशिक्षणावरच्या १,३०० हून जास्त अभ्यासांचा एक आढावा घेतला गेला. काटेकोर निकषांवर त्यातले फक्त ९ टिकले. त्या ९ मध्ये, जिथे प्रशिक्षण १४ तासांहून जास्त होतं तिथे मुलांच्या निकालावर चांगला परिणाम दिसला, त्याहून कमी तासांच्या प्रशिक्षणांचा परिणाम नोंदण्याजोगा नव्हता. मात्र ते नऊही अभ्यास प्राथमिक वर्गांचे होते, म्हणून १४ हा आकडा आपल्या इयत्तांना तसाच चिकटवू नका. एका दिवसाच्या सत्रावर फार भिस्त ठेवता येत नाही, एवढं मात्र त्यातून नक्की घ्यावं.

लोकर_आणि_बर्फ

मॅडम, बाहेर न जाता जमतं. आम्ही तीन शिक्षक गेली दोन वर्षं करतोय, म्हणून कसं ते लिहिते.

जपानमध्ये शिक्षक शंभराहून अधिक वर्षं "जुग्यो केन्क्यू" करत आले आहेत, म्हणजे पाठाचा अभ्यास. काही शिक्षक मिळून एक पाठ आखतात, एक जण तो शिकवतो, बाकीचे वर्गात बसून बघतात, मग चर्चा करून पाठ सुधारतात. यातली कळीची गोष्ट ही, की बघणाऱ्यांनी शिकवणाऱ्याकडे बघायचं नाही, मुलांकडे बघायचं. आम्हाला हे अंगवळणी पडायला दोन पाठ जावे लागले. पहिल्या पाठानंतर आम्ही "तुझा आवाज छान, फळा छान" असंच बोलत होतो.

दुसरा पाठ उष्णतेचा होता. प्रश्न असा: थर्मामीटर लोकरीच्या टोपीत गुंडाळून टेबलावर ठेवला तर पारा चढेल का? वर्गातल्या बहुतेकांनी "चढेल" लिहिलं, कारण लोकर गरम असते. अर्ध्या तासाने पाहिलं, बाहेरच्या आणि आतल्या थर्मामीटरवर एकच तापमान. मी शिकवत होते आणि मला वाटलं, झालं, समज मोडला.

पण माझी सहकारी मागच्या बाकावरच्या दोन मुलींजवळ वही घेऊन बसली होती. तिने टिपलेलं संभाषण असं: "बाईंनी टोपी घट्ट नाही गुंडाळली. फटीतून हवा गेली." "हो, आणि वेळ पण कमी दिला. रात्रभर ठेवला असता तर तापला असता."

पुरावा समोर होता, तरी त्यांनी आपला समज वाचवला. मला फळ्याजवळून हे कधीच ऐकू आलं नसतं. म्हणून दुसऱ्या तुकडीसाठी आम्ही पाठ बदलला. आधी मुलांनाच गुंडाळायला दिलं, हवी तितकी घट्ट. रात्रभर ठेवायची ज्यांची मागणी होती त्यांना रात्रभर ठेवू दिलं. आणि शेवटी सारख्या आकाराचे दोन बर्फाचे खडे घेतले, एक टोपीत, एक उघडा. मुलांनी सांगितलं की टोपीतला आधी वितळेल. २० मिनिटांनी उघड्या खड्याचं पाणी झालं होतं आणि टोपीत अजून चांगला मोठा तुकडा शिल्लक होता. एक मुलगा हळूच म्हणाला, "म्हणजे टोपी बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही?" त्या वाक्यासाठी आम्ही तीन आठवडे खपलो होतो आणि ते सार्थकी लागलं.

वेळेचं म्हणाल तर आमच्या मुख्याध्यापकांनी एकच केलं. वेळापत्रकात आम्हा तिघींचा आठवड्यातला एक मोकळा तास एकाच वेळी ठेवला. वर्षभरात तेच ३० हून जास्त तास होतात, एकही बदली तास न लावता.

घंटा_आणि_वेळापत्रक

एक सामायिक मोकळा तास. हे माझ्या हातात आहे. पुढच्या सत्राचं वेळापत्रक अजून लावायचंय, त्यात बसवते. मनापासून आभार.

सुलभक

मी दुसऱ्या बाजूचा, म्हणजे प्रशिक्षण देणारा. हा धागा वाचताना काही ठिकाणी मान खाली गेली, कारण पडद्यावर स्लाइड्स सरकवणारा मीही होतो. दिवसाला दहा विषय "पूर्ण" करायचे, असं वर ठरलेलं असायचं आणि मी ते पाळत राहिलो.

चार वर्षांपूर्वी मी हट्टाने पद्धत बदलली. आता एका वेळी एकच घटक घेतो आणि सत्रं दोन, मध्ये तीन आठवडे. पहिल्या सत्रात शिक्षक स्वतः मुलांच्या जागी बसतात: आधी अंदाज लिहायचा, मग बघायचं, मग दोन्हींचा मेळ घालायचा. अंदाज पेनानेच लिहायचा, खोडायचा नाही. हा नियम फार महत्त्वाचा आहे. नाहीतर प्रयोग बघितल्यावर प्रत्येकाला वाटतं की मला आधीच माहीत होतं.

मधल्या तीन आठवड्यांत तोच पाठ आपापल्या वर्गात घ्यायचा आणि दुसऱ्या सत्राला मुलांच्या ५ वह्या घेऊन यायचं. निवडक सुंदर वह्या आणायच्या नाहीत. हजेरीपटावरची प्रत्येक सातवी. दुसरं सत्र संपूर्ण त्या वह्यांवर चालतं. ३५ शिक्षक, १७५ वह्या, आणि टेबलांवर पसरल्यावर एकेक चूक कशी ठिकठिकाणी पुन्हा पुन्हा उगवते ते दिसू लागतं. "अरे, हे माझ्याही वर्गात आहे" असं एखादे शिक्षक म्हणतात, तेव्हा माझं निम्मं काम झालेलं असतं.

वह्या न आणणारेही असतात. पहिल्या वर्षी बरेच होते. त्यांना रागावून उपयोग होत नाही. शेजारच्याच्या वह्या वाचायला बसवलं की पुढच्या वेळी ते आपल्या घेऊन येतात.

जीवशास्त्रवाली

मला तर कुठे जावंही लागलं नाही. मोबाइलवर माझाच एक तास ध्वनिमुद्रित केला. पेशीचा पाठ होता. रात्री कानात घालून ऐकला आणि वहीत दोनच गोष्टी मोजल्या: मी किती प्रश्न विचारले आणि प्रत्येक प्रश्नानंतर किती वेळ थांबले.

४० मिनिटांत ६१ प्रश्न. आणि थांबणं जवळजवळ नाहीच. "पेशीभित्तिका कोणाला असते? सांगा, सांगा... वनस्पतींना ना? बरोबर." प्रश्न माझा, उत्तर माझं, शाबासकीही माझीच.

मेरी बड रो या संशोधिकेने १९७० च्या दशकातच हे मोजून ठेवलं आहे. शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एक सेकंद किंवा त्याहूनही कमी थांबतात. ते थांबणं ३ सेकंदांवर नेलं की मुलांची उत्तरं लांब होतात, "माहीत नाही" कमी होतं, एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागतात, मुलं स्वतःहून प्रश्न विचारू लागतात. शिक्षक हुशार समजलेल्या मुलांसाठी जास्त थांबतात आणि कच्च्या समजलेल्यांसाठी कमी, हेही तिला दिसलं. हे वाचल्यावर मी माझं ध्वनिमुद्रण परत ऐकलं. माझंही तसंच होतं. ज्या मुलाला जास्त वेळ हवा होता, त्याच्याच तोंडचं उत्तर मी आधी काढून घेत होते.

आता प्रश्न विचारला की मनात तीन मोजते. पहिल्या आठवड्यात ती शांतता सहन होत नव्हती. चौथ्या आठवड्यात, वर्षभर एक शब्दही न बोललेल्या मुलीने विचारलं, "बाई, अंड्याचा बलक म्हणजे एकच पेशी का?" पुढचा सगळा तास त्या प्रश्नावर गेला.

प्रयोगशाळा_सहायक

एक विनंती. शिक्षकांच्या प्रशिक्षणात सुरक्षिततेला शेवटची पाच मिनिटं देऊ नका. वेगवेगळ्या क्षारांच्या रंगीत ज्योती दाखवण्यासाठी मिथेनॉल ओतून पेटवण्याचा प्रयोग बराच दिसतो. त्यात मुलं गंभीर भाजल्याच्या घटना घडलेल्या आहेत. ज्योत विझली असं समजून कोणी बाटलीतून आणखी मिथेनॉल ओततं, वाफ पेट घेते आणि आगीचा लोळ बाटलीतून समोरच्या बाकांपर्यंत जातो. तोच रंग दाखवायचा सोपा मार्ग आहे: क्षाराच्या द्रावणात रात्रभर भिजवलेली लाकडाची काडी बर्नरच्या ज्योतीत धरा. हे सांगून भागत नाही, शिक्षकांच्या हातून करून घ्यायला हवं.

प्रयोगवही

सगळ्यांचं वाचून आम्ही चौघांनी काल बसून ठरवलं. लोकर_आणि_बर्फ यांचा मोकळा तास, सुलभकांच्या वह्या आणि जीवशास्त्रवालींची ३ सेकंदं, तिन्ही घेणार. सुरुवात एका प्रश्नापासून. तुम्हीही तुमच्या वर्गात विचाराल का? प्रश्न असा:

एवढंसं बी मातीत पडलं आणि त्याचं मोठं झाड झालं. झाडाचं हे सगळं लाकूड आलं कुठून?

उत्तर सांगायचं नाही, फक्त लिहून घ्यायचं, आणि "हजेरीपटावरची प्रत्येक सातवी" वही इथे टाकायची.

सातवी_ब

विचारलं. माझ्याकडच्या सहा वह्या: "मातीतून" ३, "खत आणि पाण्यातून" २, "बीच मोठं होतं" १. हवेचं नाव एकानेही घेतलं नाही. प्रकाशसंश्लेषणाचं समीकरण याच मुलांनी गेल्या परीक्षेत बरोबर लिहिलं होतं, हे मुद्दाम सांगतो.

पहिलंच_वर्ष

माझ्याकडे पाच वह्या, चार "मातीतून". एका मुलाने लिहिलं, "हवा तर हलकी असते, तिच्यापासून लाकूड कसं होईल?" म्हणजे हवेचा विचार त्याच्या मनात आला होता आणि त्याने तो स्वतःच बाद केला. हे मला फार मोलाचं वाटलं.

निवृत्त_गुरुजी

मातीवाल्या मुलांना व्हॅन हेल्मोंटची गोष्ट सांगा. १६४८ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, ती छापली गेली. त्याने २०० पौंड सुकी माती कुंडीत भरली, ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं, ५ वर्षं फक्त पाणी घातलं. झाड झालं १६९ पौंडांचं आणि माती कमी झाली जेमतेम २ औंस. माती बाद!

पण तिथे थांबू नका. त्याने निष्कर्ष काढला की लाकूड पाण्यापासून झालं. तोही चुकला. "गॅस" हा शब्दच त्याने घडवलेला आणि जळत्या कोळशातून निघणारा वायूही त्याने ओळखलेला, तरी तोच वायू झाडात जाऊन लाकूड होतो हे त्याच्या लक्षात आलं नाही. सुक्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मा कार्बन असतो आणि तो हवेतून आलेला असतो. पहिलंच_वर्ष, तुमच्या त्या विद्यार्थ्याला सांगा की ज्या शंकेवर तो अडला, तिथे फार मोठी माणसंही अडली होती.

पहिलंच_वर्ष

गुरुजी, सांगितलं. तो आधी हसला, मग म्हणाला, "मग हवेला वजन असतं का ते आधी बघू या." उद्या फुटबॉल तराजूवर ठेवतोय, आधी साधा फुगवलेला, मग आणखी हवा भरून टणक केलेला.

प्रयोगवही

आमच्या आठवीत काल मातीची गोष्ट झाली, आज हवेवर आलो. "मग झाड जाळलं की ते परत हवेत जातं का?" असं एका मुलीने विचारलं. तोंडावर आलेलं उत्तर मी आवरलं आणि मनात तीन मोजले. मागच्या बाकावरून दुसरी म्हणाली, "मेणबत्तीचं मेण पण तसंच जात असेल."

उद्या तोच पेला, तीच मेणबत्ती घेऊन जातेय. या वेळी ज्योत विझली की पेला तसाच उचलून त्याच्या तोंडावर लगेच काचपट्टी धरायची, आत चुन्याची निवळी ओतायची आणि हलवायचं. अंदाज त्या आधी पेनाने लिहितील.